भट्ट्या थंड झाल्यावर: रुहरमधली सप्टेंबरची भटकंती

जर्मनीला चाललोय म्हटलं की लोक बर्लिन, म्युनिक, ब्लॅक फॉरेस्ट यांच्या चौकशा करतात. आम्ही एसेन, डॉर्टमुंड, ड्यूसबुर्ग ही नावं घेतली की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असायचा, "तिथे कोण असतं तुमचं?" असतं की. माझी भाची एसेनला शिकते. पण २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही गेलो ते काही फक्त तिला भेटायला नाही. बंद पडलेल्या खाणी, बिअरचे कारखाने, गॅसच्या टाक्या यांची कलादालनं कशी केलीत ते मला बघायचं होतं. दादाने सगळी नोकरी बॉयलर आणि कॉम्प्रेसरच्या देखभालीत काढलेली, त्यामुळे त्याला त्या खाणी आणि टाक्याच बघायच्या होत्या. चित्रं बघायची जबाबदारी माझ्यावर.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. रुहर हे एक शहर नाही. एकाला एक चिकटलेली त्रेपन्न गावं-शहरं आणि पन्नास लाखांवर माणसं, असा हा पट्टा आहे. १९५७ च्या सुमारास जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांवर लोक कामाला होते, त्यांतले बहुतेक इथे. मग बाहेरून येणारा कोळसा आणि तेल स्वस्त पडू लागलं आणि एकेक खाण मिटत गेली. शेवटची, बोट्रॉपची प्रोस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या काळात, १९८९ ते १९९९, राज्य सरकारने 'आयबीए एम्शर पार्क' नावाचा मोठा कार्यक्रम राबवला. त्याचे प्रमुख कार्ल गान्झर. त्यांचा आग्रह असा की जुनं पाडून सपाट करू नका, आहे तेच वापरात आणा. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच जागा त्या दहा वर्षांत वाचल्या.

गुरुवार, डॉर्टमुंड

विमान, गाडी, खोली यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दुपारी सामान टाकलं आणि डॉर्टमुंड गाठलं.

स्टेशनपासून चालत थोड्याच अंतरावर 'डॉर्टमुंडर यू' उभी आहे. १९२६-२७ मध्ये बांधलेला युनियन ब्रुअरीचा हा मनोरा, बिअर आंबवायचा आणि मुरवायचा. डोक्यावर नऊ मीटर उंचीचं सोनेरी यू अक्षर आहे, ते १९६८ मध्ये चढवलं. १९९४ मध्ये इथलं उत्पादन थांबलं, आजूबाजूच्या इमारती पडल्या आणि मनोरा तेवढा राहिला. २०१० मध्ये, रुहरला युरोपची सांस्कृतिक राजधानी असा मान मिळाला त्या वर्षी, तो कलाकेंद्र म्हणून उघडला. ओस्टवाल संग्रहालय आता याच्यातच आहे.

आत शिरल्यावर माझा थोडा हिरमोड झाला, खरं सांगते. संग्रह चांगला आहे, सरकते जिने झकपक आहेत, पण पांढऱ्या भिंतींच्या त्या खोल्यांत तुम्ही बिअरच्या कारखान्यात आहात हे कळायला काही वाव नाही. डोळे बांधून आणलं असतं तर कुठल्याही शहरातलं चांगलं म्युझियम वाटलं असतं. दादा एका खांबाला टकटक करून बघत होता, तेवढाच कारखाना.

खरी मजा बाहेर, आणि तीही अंधार पडताना. छताखालच्या पट्ट्यांत एलईडी बसवलेत आणि त्यांवर आडोल्फ विंकेलमान या सिनेदिग्दर्शकाची 'उडती चित्रं' चालू असतात. आम्ही खाली उभे होतो तेव्हा त्या पट्ट्यांत भलीमोठी कबुतरं येऊन बसली, माना वळवायला लागली, एकमेकांना ढकलायला लागली. भाची म्हणाली, "आत्या, कबुतरांच्या शर्यती हा इथल्या खाणकामगारांचा जुना नाद." शेजारी सायकल धरून उभे असलेले एक आजोबा आमची वर गेलेली मान बघून हसले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून काहीतरी बोलले. भाचीने सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या माळ्यावर चाळीस होती.

तिथून कोपऱ्यावरच्या 'ट्रिंकहाले'वर गेलो. ही रुहरची टपरी. एकोणिसाव्या शतकात कामगारांनी दारूऐवजी बाटलीतलं पाणी प्यावं म्हणून निघाली म्हणे. आता बिअरपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं मिळतं, आणि मुलांसाठी काचेच्या बरण्यांतून एकेक गोळी वेचून भरलेली कागदी पुडी. दादाने पुडी घेतली. काउंटरवरच्या तुर्की बाईंनी प्रत्येक गोळीवर बोट ठेवून "ही? ही?" असं विचारत ती इतक्या निगुतीने भरली की मागे रांग लागली, पण रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही.

शाकाहारी लोकांनी इथे घाबरू नये. सॉसेजचा मुलूख आहे खरा, पण १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची तिसरी पिढी आता इथे नांदते आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर मसुराचं गरम सूप, वर लिंबाची फोड, सोबत ताजा पाव. आम्ही बरेचदा त्यावर निभावलं. आणि फ्राइज मागताना 'श्रांके' म्हणा, म्हणजे रेल्वे फाटकासारखे लाल-पांढरे, केचप आणि मेयोनीजचे पट्टे मारून मिळतात.

शुक्रवार, उन्ना

डॉर्टमुंडहून लोकलने उन्ना. छोटंसं, नीटस गाव. इथल्या लिंडन ब्रुअरीने १९७९ मध्ये दुकान बंद केलं, पण तिची तळघरं राहिली. जमिनीखाली दहाएक मीटर, बर्फ आणि बिअर साठवायला खणलेली. २००१ पासून तिथे आंतरराष्ट्रीय प्रकाशकला केंद्र आहे. फक्त प्रकाशाला वाहिलेलं.

वर धुराड्यावरच मारिओ मेर्त्सने निऑनचे आकडे चढवलेत, मागच्या दोन आकड्यांची बेरीज करत वर जाणारी फिबोनाची मालिका. दिवसा लक्ष जात नाही, संध्याकाळी धुराडं निळं मोजायला लागतं.

खाली उतरायला गाईड बरोबर असावा लागतो. पायऱ्या संपेपर्यंत वरचा सप्टेंबर संपतो आणि थेट डिसेंबर लागतो. भिंती ओल्या, विटांच्या कमानी बसक्या, पाण्याचा थेंब टपटपतोय. अशा एका लांबट खणात ओलाफुर एलियासनने पाण्याचे पडदे सोडलेत आणि त्यांवर दिवा चमकवलाय, क्षणात चालू, क्षणात बंद. डोळ्यांना पडणारं पाणी दिसतच नाही. दिसतात ते हवेत थांबलेले थेंब, काचेच्या मण्यांसारखे सुटे सुटे. मी हात पुढे केला. बोटं भिजली, म्हणजे पाणी पडत होतं. डोळ्यांना मात्र पटत नव्हतं. आवाज धो धो आणि चित्र स्तब्ध, अशा त्या विचित्र पट्ट्यातून चालत जायचं.

जेम्स टरेलच्या दोन खोल्या एकावर एक आहेत. वरच्या खोलीत छताला कापलेल्या चौकटीतून आभाळ दिसतं, आणि खालच्या अंधाऱ्या खोलीत तेच आभाळ भिंगातून उतरून जमिनीवर पडतं. आम्ही गेलो तेव्हा ढग पळत होते. दादा जमिनीकडे बघत उभा राहिला. गाईड पुढच्या दालनात निघून गेली तरी हा तिथेच. "पायाखालून ढग चाललेत," एवढंच म्हणाला.

क्रिस्तियान बोल्टान्स्कीच्या नाचऱ्या सावल्या मला भीतिदायक वाटल्या, भाचीला गमतीदार. ते सोडा. मला पटलं ते हे की ही कामं दुसरीकडे उचलून नेली तर निम्मी मरतील. थंडी, ओल, काळोख हे तळघराचे दुर्गुण होते आणि तेच इथे कामाला लावलेत. डॉर्टमुंडमध्ये नेमकं हेच हुकलं होतं. पुढचे सगळे दिवस मी याच मापाने एकेक जागा मोजत राहिले.

उन्नाला जायचं तर जाड जॅकेट हवंच, उन्हाळ्यातसुद्धा. फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि बहुतेक जर्मनमधून. इंग्रजी फेरी हवी असेल तर आधी विचारून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा अंदाज घ्यावा.

शनिवार, त्सोलफेराइन

हा दिवस मोठा. एसेन स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम थेट खाणीच्या दारात सोडते.

त्सोलफेराइन खाण १८४७ मध्ये फ्रांझ हानिएल यांनी काढली. सगळे बघायला येतात तो बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, मात्र १९२८ ते १९३२ मधला, वास्तुविशारद फ्रित्स शुप आणि मार्टिन क्रेमर. दिवसाला बारा हजार टन कोळसा या एका शाफ्टमधून वर यायचा, एरवीच्या खाणींच्या चौपट. २३ डिसेंबर १९८६ ला काम थांबलं. पाडायची भाषा सुरू होती, पण राज्याने जागा घेतली आणि तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. २००१ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

फाटकातून आत गेल्यावर चौक लागतो आणि समोर पंचावन्न मीटर उंचीचा दुहेरी पायांचा लोखंडी मनोरा, ज्याच्या चाकांवरून पिंजरे खाली सुटायचे. बाजूच्या इमारती लाल रंगवलेल्या पोलादी चौकटींच्या, मधे विटा भरलेल्या. दादा भिंतीजवळ गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "विटांवर वजनच नाहीये. सगळा भार चौकटीवर. विटा म्हणजे नुसता पडदा." गाईडने पुढे हेच सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आमचे गाईड साठी ओलांडलेले, पूर्वी स्वतः खाणीत उतरलेले. "ग्ल्युक आउफ" म्हणून त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं, खाणकामगारांचा हा रामराम. त्यांनी एक बटण दाबलं आणि वॅगन उलटी होऊन कोळसा पडतानाचा आवाज स्पीकरवर लागला. काही सेकंदांत लोकांनी कान झाकले. "हा पूर्ण आवाज नाही," ते म्हणाले, "पूर्ण लावायची परवानगी नाही मला." मग त्यांनी कानातलं यंत्र काढून दाखवलं आणि परत बसवलं. त्यावर कोणी काही विचारलं नाही.

कोळसा धुण्याची जी प्रचंड इमारत होती तिथे २०१० पासून रुहर म्युझियम आहे. रेम कूल्हास यांच्या ओएमए या वास्तुविशारद संस्थेने एसेनच्याच वास्तुविशारदांबरोबर हे काम केलं. आत जायला बाहेरून एक लांबलचक सरकता जिना जोडलाय, तो तुम्हाला एकदम चोवीस मीटरवर नेतो. तिकीट वरती, आणि बघत बघत खाली यायचं. कोळसाही असाच पट्ट्यावरून वर चढायचा आणि यंत्रांतून धुतला, निवडला जात खाली उतरायचा. आतला उतरता जिना तप्त नारिंगी दिव्यांनी उजळलेला आहे. फोटोत तो भडक वाटतो, प्रत्यक्षात चहूकडच्या काळ्या लोखंडात तो चालून जातो. यंत्रं हलवलेली नाहीत. त्यांच्या पायांशी, नळांच्या मधे, हॉपरच्या पोटात वस्तू मांडल्यात. एका पेटीत फक्त फुप्फुसाच्या आजाराशी संबंधित वस्तू होत्या आणि तिथे गर्दी नव्हती.

बॉयलर हाउसचं मात्र माझं आणि दादाचं जमलं नाही. नॉर्मन फॉस्टर यांनी १९९७ मध्ये त्याचं रेड डॉट डिझाइन म्युझियम केलं. एक बॉयलर तसाच ठेवून बाकीच्यांची पोटं रिकामी केली आणि त्यांत बक्षीसपात्र खुर्च्या, नळ, सायकली, बाथटब टांगले. दादा खूश होता, कारण त्याला आयुष्यात पहिल्यांदा बॉयलरच्या आत कपडे न मळवता उभं राहता आलं. मला मात्र सारखं वाटत होतं की कोणी तरी येऊन किंमत सांगेल. गंजलेल्या रिव्हेटच्या शेजारी चकचकीत नळ ठेवला की रिव्हेटच जिंकतो, नळ बिचारा शोरूममधला वाटतो.

दुपारी बटाट्याचे थालीपिठासारखे वडे आणि सफरचंदाचा गोड मुरंबा खाल्ला, हे इथलं लाडकं जोडखाद्य. गोड-तिखटाची सवय असलेल्यांना आवडेल, फक्त तिखट तुम्ही घरून आणा.

मग कोकच्या, म्हणजे कोळसा तापवून केलेल्या इंधनाच्या, भट्ट्यांकडे. हा भाग १९६१ मध्ये सुरू झाला आणि ३० जून १९९३ ला बंद पडला. ३०४ भट्ट्या ओळीने उभ्या, एकेक इतकी अरुंद की दोन माणसं आत शेजारी उभी राहणार नाहीत. हजार अंशांच्या वर तापवून दिवसाला आठ हजार सहाशे टन कोक निघायचा. आता समोरच्या पाण्याच्या कालव्यावर हिवाळ्यात स्केटिंगचा बर्फ करतात. बाजूला एक निळा पोहण्याचा तलाव आहे, दोन मालवाहू कंटेनर कापून जोडलेला. डिर्क पाश्के आणि डॅनियल मिलोनिक या कलाकारांनी २००१ मध्ये कलाकृती म्हणून केला आणि आसपासच्या मुलांनी तो मनापासून वापरून टाकला. उन्हाळ्याच्या सुट्टीत फुकट उघडा असतो. आम्ही पोचलो तोवर हंगाम संपला होता.

मिठाच्या गोदामात इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांचा 'प्रकल्पांचा महाल' आहे. लाकडी सांगाड्यावर पांढरं कापड ताणून केलेली गोगलगायीसारखी वळत जाणारी इमारत, गोदामाच्या पोटात उभी केलेली, आतून मंद उजळलेली. आत साधी टेबलं, साध्या खुर्च्या, आणि जग किंवा स्वतःला सुधारण्याच्या अनेक योजना, प्रत्येकीचं छोटं मॉडेल आणि टाइप केलेलं निवेदन. एकीत असं सुचवलंय की पांढऱ्या जाळीचे पंख शिवून घ्यावेत, दार लावून ते अंगावर चढवावेत, काही वेळ काही न करता बसावं आणि मग आपापल्या कामाला लागावं. असं रोज करायचं. पंख भिंतीवर टांगलेले होते, चामड्याच्या पट्ट्यांसकट. एका खुर्चीवर बसून मी ते निवेदन भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. हे काम इथलं नव्हे, बाहेरून आलेलं, तरीही बसलं. कारण मिठाचं गोदाम काळं, खडबडीत, आणि महाल कागदासारखा. दोघं एकमेकांना पुरून उरतात.

निघताना 'सना' या जपानी वास्तुविशारदांनी २००६ मध्ये बांधलेला काँक्रीटचा घन पाहिला. वेड्यावाकड्या आकाराच्या खिडक्या आणि आश्चर्य वाटेल इतक्या पातळ भिंती. कारण सांगितलं तेव्हा दादा उडालाच. खाणीतलं पाणी हजारेक मीटर खोलीवरून उपसावंच लागतं, ते येतं तेव्हा चांगलं कोमट असतं. ते पाणी भिंतींतल्या नळ्यांमधून फिरवून इमारत उबदार ठेवायची, म्हणजे जाड थर नको. "कचरा म्हणून फेकायची उष्णता," दादा म्हणाला, "आम्ही हे सांगून सांगून थकलो होतो."

उपसण्याचं हे प्रकरण साधं नाही. खाली पोखरल्यामुळे रुहरमधली जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे. पंप थांबले तर वस्त्यांच्या जागी तळी होतील. खाणी संपल्या, पंपांचं काम संपणार नाही. या खर्चाला इथे चिरंतन जबाबदारीचा खर्च म्हणतात.

त्सोलफेराइनला अख्खा दिवस द्या. परिसर मोकळा आहे आणि फुकट आहे, तिकीट लागतं ते म्युझियमना आणि फेऱ्यांना. बूट चांगले घाला, अंतरं फसवी आहेत.

रविवार, ड्यूसबुर्ग

सकाळची गाडी रद्द, पुढची निम्म्याच डब्यांची, उभ्याने प्रवास. रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून खाणं बरोबर घ्या.

ड्यूसबुर्गच्या आतल्या बंदरात एके काळी धान्य उतरायचं आणि दळलं जायचं. क्युपर्स गिरणी १९७२ मध्ये थांबली आणि १९९९ मध्ये हेर्त्सोग आणि द मुरोन या वास्तुविशारदांनी तिचं म्युझियम केलं. खिडक्या विटांनी बुजवल्या आणि मोजक्या उभ्या फटी ठेवल्या. विटकरी लाल रंगाच्या काँक्रीटचा जिना वळत वळत वर जातो, तो एकटा बघायला आलात तरी तिकीट वसूल. आत युद्धोत्तर जर्मन चित्रकला, रिश्टर, बासेलित्स, कीफर. आन्सेल्म कीफरच्या एका चित्रावर रंगाचे इतके जाड थर होते की बाजूने बघितलं तर नांगरलेलं शेत.

नवं दालन २०२१ मध्ये उघडलं. त्याआधी धान्य साठवायच्या जुन्या पोलादी सायलोंच्या डोक्यावर एक प्रचंड घन बसवायचा बेत होता. सांगाड्याच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाले, खर्च हाताबाहेर गेला आणि तो सांगाडा भंगारात काढावा लागला. मला वाटतं, बरंच झालं. आता सायलो आतून तसेच मोकळे ठेवलेत. पुलावरून त्यांच्या पोटातून जाताना वर बघायचं, नुसता पत्र्याचा गोल उभा बोगदा. इथे एक पहारेकरी काका आम्हाला हळूच म्हणाले, "टाळी वाजवा." वाजवली. ते खूश झाले, आम्हीही.

संध्याकाळी ९०३ नंबरच्या ट्रामने लांडशाफ्ट्सपार्क. मायडरिखचा लोखंडाचा कारखाना, १९८५ मध्ये बंद. पीटर लाट्स यांनी १९९१ नंतर त्याचा बगिचा केला, म्हणजे भट्ट्या तशाच ठेवून मधे झाडं वाढू दिली. खनिजाच्या कोठारांच्या उंच भिंतींवर गिर्यारोहण क्लबची मंडळी लोंबकळत होती. गॅसच्या टाकीत पाणी भरून तिचा डुबकी शिकण्याचा हौद केलाय, तेरा मीटर खोल, तळाशी बुडवलेली मोटारसुद्धा आहे. पाण्यातून बाहेर आलेली एक मुलगी केस पिळत म्हणाली, खाली हिरवा अंधार आहे, समुद्रापेक्षा बरा, लाटा नाहीत.

पाच नंबरच्या झोतभट्टीवर सत्तरेक मीटर चढता येतं. जाळीच्या पायऱ्या, खाली बघितलं की पोटात गोळा. मी अर्ध्यावर थांबले. दादा वरून हाका मारत होता आणि हे काय, ते काय सांगत होता, सगळं वाऱ्यात गेलं. अंधार पडला तसे जोनाथन पार्क यांनी १९९६ मध्ये योजलेले दिवे लागले, धुराडी हिरवी-निळी-लाल. सुंदर आहे, सगळे फोटो काढतात, मीही काढले. पण दिवे लागायच्या आधीचा, नुसता गंजाचा तासभर मला जास्त आवडला. प्रवेश फुकट, फाटक दिवसरात्र उघडं. दिवे रोज नसतात, शनिवार-रविवार धरून जा आणि आधी वेळ बघून घ्या.

सोमवार, शूरेनबाख

सोमवारी बहुतेक म्युझियमं बंद, म्हणून दगडमातीच्या ढिगाऱ्यावर. खाणीतून कोळशाबरोबर आलेला निरुपयोगी दगड टाकून टाकून इथे डोंगर झालेत. एसेनच्या उत्तरेच्या शूरेनबाख ढिगाऱ्यावर रिचर्ड सेरा यांनी १९९८ मध्ये पोलादाची एकच लादी उभी केली, साडेचौदा मीटर उंच, सदुसष्ट टन, आणि जाडी जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर.

पाऊस आडवा येत होता. चढाच्या वाटेला दोन्ही बाजूंनी झाडी आहे आणि मग ती एकदम संपते. वरती काळा उघडा खडीचा माथा, चंद्रावरच्यासारखा. त्यावर ती लादी. जवळ गेल्यावर दिसलं की खालचा भाग रंगाच्या फवाऱ्याने चितारून ठेवलाय, बदाम, नावं, फुटबॉल क्लबची घोषणा. दादाने तळहात टेकवून जाडी मोजली आणि वर बघत बराच वेळ हिशेब केला की ही जमिनीत किती गाडली असेल. कुत्रं फिरवायला आलेल्या एका गृहस्थांना भाचीने विचारलं, तुम्हाला आवडतं का हे? ते म्हणाले, आधी चीड यायची, आता ही दिसली नाही तर घराची दिशा कळणार नाही.

खाली एम्शर नदी. शंभरावर वर्षं ही उघडं गटार होती. जमीन खचत असल्याने सांडपाण्याचे नळ पुरले तर फुटायचे, म्हणून सगळं नदीतच. पाच अब्ज युरोंवर खर्च करून २०२१ च्या अखेरीस तिच्यातलं सांडपाणी थांबवलं. काठाने चाललो तेव्हा वास नव्हता, बगळा होता.

त्या महिन्यात आमच्याकडे ४९ युरोचं जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट होतं, लोकल, ट्राम, बस सगळं त्यात. नंतर त्याची किंमत वाढली आहे, पण एवढ्या उड्या मारायच्या असतील तर अजूनही तेच परवडतं. फक्त ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं, रद्द करायची तारीख लिहून ठेवा.

मंगळवार, ओबरहाउझेन

गॅसोमीटर शेवटी ठेवला होता आणि ते बरोबर ठरलं. १९२७ ते १९२९ मध्ये बांधलेली ही टाकी ११७.५ मीटर उंच आहे, व्यास सदुसष्ट मीटरच्या वर. शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यातला गॅस इथे साठायचा. आत एक अवाढव्य तबकडी असे, गॅस भरला की वर जायची, वापरला की खाली यायची. १९८८ मध्ये टाकी बंद झाली आणि काही वर्षांतच प्रदर्शनाची जागा झाली. क्रिस्तो आणि जान-क्लोद यांनी १९९९ मध्ये इथे तेरा हजार तेलाच्या पिंपांची भिंत रचली होती. २०१३ मध्ये क्रिस्तोने आतल्या पोकळीत हवेने फुगवलेली पांढरी प्रचंड पिशवी भरली.

आम्ही गेलो तेव्हा समुद्रावरचं प्रदर्शन होतं. तळाच्या मजल्यावर फोटो, चांगले, नेहमीचे. मग जिन्याने त्या तबकडीवर चढलो, ती आता पक्की बसवली आहे. वर काहीच नाही. शंभर मीटरची गोल पोकळी, आणि तिच्यात उंचच उंच पडद्यावर पोहणारे देवमासे, त्यांचे आवाज भिंतीवरून फिरून परत येतायत. लोक जमिनीवर उताणे पडले होते. आम्हीही पडलो. माझ्या शेजारी एक शाळेचा वर्ग होता, एका पोराने जोरात शिंक दिली. ती शिंक वर गेली, फिरली आणि इतक्या वेळा खाली आली की बाई सोडून सगळे हसायला लागले.

दादाने दारावरच्या माणसाला गाठून तबकडीच्या कडेने गॅस कसा गळत नव्हता ते भाचीमार्फत विचारलं. सील कसलं, त्याला वंगण काय, कोण तपासायचं. तो माणूस सुरुवातीला गोंधळला, मग आतून दुसऱ्या, वयस्कर माणसाला घेऊन आला. पुढचा बराच वेळ दोघं हातवाऱ्यांनी बोलत होते. भाचीचं जर्मन तिथे कमीच पडलं आणि कोणाचं अडलंही नाही.

मग काचेच्या लिफ्टने वर आणि छतावर. इथे वारा असतो, टोपी सांभाळा. शेजारीच जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९६ मध्ये झालेला मोठा मॉल पसरलाय, त्याचं पार्किंग भरलेलं. लांब बोट्रॉपच्या ढिगाऱ्यावरचा लोखंडी त्रिकोणी पिरॅमिड दिसत होता. पश्चिमेला ऱ्हाइनच्या बाजूने पांढऱ्या वाफेचे लोट वर चढत होते. ड्यूसबुर्गच्या उत्तरेला पोलादाच्या भट्ट्या अजून चालू आहेत, संग्रहालय न झालेल्या. दादा कठड्याला रेलून तिकडेच बघत राहिला.

त्या बघायच्या असतील तर आल्सुमर बेर्ग नावाची टेकडी आहे, युद्धातल्या पडझडीचा राडारोडा टाकून झालेली. वर चढलं की एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला चालू कारखाना. हे आम्हाला छतावरच्या एका फलकाशी उभ्या बाईंनी सांगितलं, तेव्हा परतीच्या विमानाला एक रात्र उरली होती. तुम्ही जाल तर यादीत पहिल्याच दिवशी घाला. दादा त्यावरून अजून माझ्याशी वाद घालतो.